चौरस्त्यावरील अपघात

आमच्या लहानपणी कारवारकडे घरातील वडील मंडळी आम्हांस एक गोष्ट नेहमी बजावीत असत. तिठ्यावर नारळ, लिंबू किंवा हळदकुंकू लावलेले काही पडलेले दिसले तर ते ओलांडून जाऊ नये, त्याला वळसा घालून जावे. दृष्ट काढलेल्या वस्तू तिठ्यावर टाकण्याची चाल किनाऱ्यावर आहे, तशी घाटावरही आहे; खानापूर तालुक्यातील विद्यार्थ्यांना ती नवी नाही. जेथे वाटा एकमेकींना मिळतात तेथे काहीतरी अशुभ वावरत असते, अशी त्या चालीमागची समजूत. पुढे शिक्षण झाले आणि ती भीती आमच्या मनातून गेली. पण शिक्षक म्हणून या गावी काही वर्षे घालविल्यावर आज आम्हांस असे वाटू लागले आहे, की आमच्या वडिलांची भीती अगदीच निराधार नव्हती. धोका तिठ्यावर असतोच. फक्त त्या भुताचे नाव त्यांनी चुकीचे सांगितले होते.

रस्ते मिळतात त्या जागेला आपल्या भाषेत किती तरी नावे आहेत. तीन वाटांचा तो तिठा, चार वाटांचा तो चौक किंवा चव्हाटा. कोल्हापुरात तिकटी म्हणतात, गोव्यात तिस्क म्हणतात, महाराष्ट्रात मोठ्या रस्त्यावरून गावाकडे फुटणाऱ्या वाटेच्या तोंडाला फाटा म्हणतात आणि आपल्या सीमाभागात त्यालाच सर्रास ‘क्रॉस’ म्हणतात. खानापुरात जांबोटी क्रॉस कोणाला ठाऊक नाही? एका बाजूस बेळगाव, दुसऱ्या बाजूस लोंढा व अनमोडवरून गोवा, तिसरीकडे जांबोटी व कणकुंबीवरून चोर्ला घाट, चौथीकडे नंदगड व हल्याळ. मलप्रभेच्या काठचे हे आपले गाव म्हणजे वाटांची एक मोठी गाठच होय. ज्या गावाला वाटांनी मोठे केले, त्या गावाने वाटांच्या गाठीविषयी काही जाणून घ्यावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

यास निमित्तही घडले. गेल्या आषाढात आमच्या वर्गातील एक विद्यार्थी सकाळी गावाच्या क्रॉसवर बसमधून उतरला. पाऊस धो धो कोसळत होता. शाळेची घंटा होण्यास थोडाच अवकाश होता. तो उभ्या बसच्या मागच्या अंगाने बाहेर पडून धावतच रस्ता ओलांडू लागला. त्याच वेळी दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल पलीकडून आली. क्षणभरात दोघेही रस्त्यावर पडले. मुलाच्या डाव्या नडगीचे हाड मोडले. मोटारसायकलवाल्या शेतकऱ्याचे गळ्याजवळचे हासळीचे हाड मोडले. पावसाच्या पाण्यात दूध मिसळून वाहू लागले.

आम्ही त्या मुलास भेटावयास गेलो, तेव्हा त्याने खाली मान घालून सांगितले, “सर, मला वाटलं, तो थांबेल.” पुढे काही दिवसांनी बाजारात तो शेतकरी भेटला. हात गळ्यात बांधलेला होता. तोही स्वतःला दोष देत होता. तो म्हणाला, “मास्तर, मला वाटलं, पोरगं थांबेल.”

दोघांची वाक्ये जवळजवळ एकच होती. दोघेही चांगले होते, दोघांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते. तरीही दोघांची हाडे मोडली. मुलाची तीन महिन्यांची शाळा बुडाली आणि शेतकऱ्याच्या गोठ्यातील धारा कितीतरी दिवस शेजाऱ्यांना काढाव्या लागल्या. तेव्हापासून ते दोन शब्द आमच्या कानांतून जात नाहीत: ‘मला वाटले.’ चौरस्त्यावरील अपघातांच्या मुळाशी जे भूत आहे, त्याचे खरे नाव हेच असावे, असे आमचे मत झाले आहे. ते कसे, हे आता पाहू.

प्रथम या प्रश्नाचे आकारमान लक्षात घेतले पाहिजे. भारत सरकारच्या वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे दर दिवशी सरासरी ४६२ माणसे, दर तासाला सुमारे १९ माणसे. शाळेचा चाळीस मिनिटांचा एक तास संपून पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत देशात कोठे ना कोठे बारा-तेरा घरांवर आकाश कोसळलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ मध्ये साऱ्या जगात सुमारे ११ लक्ष ९० हजार माणसे रस्त्यावर मरण पावली. ५ ते २९ या वयाच्या मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण कोणताही रोग नसून रस्ते अपघात हे आहे, असे ती संघटना सांगते. हे सर्व अपघात चौरस्त्यावर होत नाहीत हे खरे. पण त्यांतील फार मोठा वाटा चौरस्त्यांवर आणि तिठ्यांवर पडतो. रस्त्याच्या एकूण लांबीत क्रॉसची जागा किती थोडी असते हे ध्यानी घेतले, म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते.

असे का व्हावे? याचे उत्तर भूमितीत आहे. वाचकांनी पाटीवर किंवा वहीच्या पाठकोऱ्या पानावर एक चौक काढून पाहावा. चारही बाजूंनी वाहने येतात. प्रत्येक बाजूच्या वाहनाला सरळ, डावीकडे अथवा उजवीकडे जाता येते. म्हणजे एकूण बारा मार्ग झाले. हे बाराही मार्ग रेषांनी दाखवावे आणि त्या रेषा जेथे एकमेकींस छेदतात, मिळतात किंवा एकमेकींपासून फुटतात, तेथे टिंब द्यावे. टिंबे मोजली तर ती ३२ भरतील. त्यांपैकी १६ ठिकाणी रेषा परस्परांना सरळ छेदतात, ८ ठिकाणी एकत्र येतात व ८ ठिकाणी वेगळ्या होतात. वाहतूकशास्त्रात या टिंबांना संघर्षबिंदू म्हणतात. तिठ्यावर हेच बिंदू अवघे ९ असतात. साध्या सरळ रस्त्यावर, जेथे एकामागून एक वाहने चालली आहेत, तेथे असा एकही बिंदू नसतो. यावरून दिसून येईल, की चौकात शिरणारे वाहन म्हणजे बत्तीस दारे असलेल्या घरात शिरणारा माणूस होय. कोणत्या दारातून कोण येईल याचा नेम नसतो.

माणसाने या बत्तीस दारांना कड्या घालण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासून केले आहेत. जगातील पहिला वाहतूक दिवा १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ उभा राहिला. मौज अशी, की तो उभारण्याची कल्पना आगगाडीच्या एका इंजिनिअराची, जे. पी. नाइट यांची होती. तेव्हा मोटारी नव्हत्या. घोडागाड्यांची गर्दी होती. आगगाडीच्या स्टेशनावर हात वर-खाली करणारे सिग्नल असतात तसेच हात व रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे त्या खांबाला लावले होते. दुर्दैवाने पुढील जानेवारीतच गॅसचा स्फोट होऊन दिवा चालविणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग बंद पडला. पुढे १९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेचे दिवे आले, १९२० मध्ये डेट्रॉइट शहरात लाल-हिरव्याच्या जोडीला पिवळा आला आणि आज आपण पाहतो ती तीन रंगांची पद्धत रूढ झाली. दिवा काय करतो? तो बत्तीस बिंदूंना वेळ वाटून देतो. सर्वांना एकाच वेळी येऊ देत नाही, इतकेच.

दुसरा उपाय म्हणजे चौकाच्या मध्यभागी वर्तुळ बांधून सर्वांना एकाच दिशेने फिरावयास लावणे. अशा वर्तुळावर संघर्षबिंदू ३२ वरून ८ वर येतात आणि मुख्य म्हणजे समोरासमोर छेदणारा एकही बिंदू उरत नाही. पण वर्तुळातही कोणी प्रथम जावे हे ठरलेले नसेल तर सर्वच अडकतात. १९६६ मध्ये इंग्लंडने नियम केला, की वर्तुळात फिरत असलेल्या वाहनाला बाहेरून येणाऱ्याने वाट द्यावी. तेव्हापासून ही पद्धत खऱ्या अर्थाने यशस्वी झाली.

आपल्याकडील नियमही यासारखाच आहे आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा इतका सोपा आहे. चौकाजवळ येताच वेग कमी करावा. आपण ज्या रस्त्यावर शिरणार तो मुख्य रस्ता असेल तर त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे. तसा मुख्य रस्ता नसेल तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. हा नियम १९८९ पासून आपल्या मोटार वाहन नियमांत लिहिलेला आहे. परंतु आमच्या अनुभवाप्रमाणे वाहन चालविणाऱ्या दहा जणांना विचारले तर नऊ जण सांगतात, “ज्याची गाडी मोठी, तो आधी.” हे उत्तर विनोदी वाटले तरी त्याची किंमत रक्ताने मोजावी लागते.

आता अपघाताच्या कारणांकडे वळू. पहिले कारण वेग. वेगाविषयी लोकांची अशी समजूत असते, की ब्रेक दाबला म्हणजे गाडी थांबते. वस्तुतः डोळ्यांनी धोका पाहिल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या एका सेकंदात ११ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी ९ मीटर जाते. म्हणजे एकूण २० मीटरांत थांबते. ताशी ६० किलोमीटरला हेच अंतर सुमारे ३७ मीटर होते आणि ओल्या रस्त्यावर ५० मीटरांहून अधिक. आता एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट सांगतो. दोन गाड्या शेजारी शेजारी धावत आहेत, एक ४० च्या वेगाने व दुसरी ६० च्या. दोघींच्या चालकांना २० मीटरांवर एक मूल एकाच क्षणी दिसले. पहिली गाडी मुलाच्या पायाशी येऊन थांबेल. दुसरी त्या जागी पोहोचेल तेव्हा तिचा वेग अजून ताशी ५५ किलोमीटरांच्या आसपास असेल, कारण तिचा ब्रेक नुकताच लागू लागलेला असतो. वेगात फरक अवघा वीसचा. परिणामात फरक जीवन-मरणाचा.

याचे कारण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ४० च्या वेगाने एखाद्या भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून खाली पडणे. ताशी ६० म्हणजे १४ मीटर. किनाऱ्यावरील माणसाला हे लगेच कळते, कारण तेवढ्या उंचीचे माड आमच्या परसात उभे असतात. माडाच्या शेंड्यावरून हात सोडण्यास कोणी तयार होणार नाही; पण तेवढीच जोखीम घेऊन क्रॉसवरून भरधाव जाण्यास पुष्कळ जण तयार असतात.

दुसरे कारण दृष्टीचे. ‘पाहिले’ आणि ‘दिसले’ यांत अंतर आहे. कारवारच्या समुद्रात होडी हाकणाऱ्यांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दुसरी होडी जर आपल्याला सतत एकाच कोनात दिसत राहिली, पुढेही सरकली नाही आणि मागेही राहिली नाही, तर ती होडी आपल्यावर येऊन आदळणार. चौरस्त्यावर हाच प्रकार घडतो. दोन रस्त्यांनी येणारी दोन वाहने सारख्या गतीने चौकाकडे येऊ लागली, की प्रत्येकाला दुसरे वाहन एकाच जागी स्थिर असल्यासारखे दिसते. आपला डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो. न हलणारी वस्तू त्याच्या नजरेतून सुटते. त्यातून मोटारीच्या पुढच्या काचेच्या कडेला जो उभा खांब असतो, त्याच्या आड एखादी सायकल अथवा मोटारसायकल पूर्ण लपू शकते आणि वाहन पुढे सरकत असताना ती तशीच लपलेली राहते. मग धडक झाल्यावर चालक शपथेवर सांगतो, “मी पाहिले होते, रस्त्यावर कोणी नव्हते.” तो खोटे बोलत नसतो. म्हणून शहाणा चालक चौकात शिरण्यापूर्वी नुसती मान फिरवीत नाही. किंचित पुढे-मागे झुकून खांबाआडचेही पाहतो आणि दोनदा पाहतो.

मोठ्या वाहनांची गोष्ट आणखी निराळी. मालट्रक किंवा बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, रस्त्याच्या कडेला घासत जातात. आपल्या भागात उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, त्यांचे तर शेपूटच आत ओढले जाते. सायकलवरून शाळेत जाणारा विद्यार्थी अशा वाहनाच्या डाव्या कुशीत उभा असला तर चालकाला तो दिसत नाही आणि विद्यार्थ्याला मात्र वाटते, की आपल्यासाठी जागा आहे. पुन्हा तेच ‘वाटले’. वळणाऱ्या मोठ्या वाहनाच्या डावीकडे कधीही जाऊ नये, त्याच्या मागे थांबावे, हा नियम सायकल शिकतानाच शिकविला पाहिजे.

तिसरे कारण रस्त्याच्या बदलत्या रूपाचे. बेळगाव ते खानापूर हा रस्ता अलीकडच्या वर्षांत चौपदरी झाला. प्रवास सुखाचा झाला यात शंका नाही. परंतु रस्ता रुंद झाला म्हणजे तो ओलांडावयास वेळ अधिक लागतो आणि त्यावरून येणारे वाहन पूर्वीपेक्षा वेगाने येते. या दोन्ही गोष्टी खेड्यातील माणसाच्या जुन्या सवयीत बसत नाहीत. ज्या आजोबांनी आयुष्यभर ‘ती गाडी अजून लांब आहे’ असे म्हणून रस्ता ओलांडला, त्यांचा अंदाज आता चुकू लागतो. शिवाय दुभाजकातील फट दूर असली, की तो वळसा चुकविण्यासाठी काही जण उलट बाजूनेच वाहन हाकतात. क्रॉसवर येणारा माणूस स्वाभाविकपणे जिकडून वाहन यावयाचे तिकडे पाहतो आणि धडक बसते ती पाठीमागून. चार मिनिटे वाचविण्यासाठी केलेला हा व्यवहार फार महाग पडतो. यात आपल्याकडील पावसाचीही भर पडते. आषाढ-श्रावणात भर दिवसा अंधारून येते, रस्ता निसरडा होतो, छत्रीमुळे चालणाऱ्याची एक बाजू झाकली जाते आणि टोपडे ओढून घेतलेल्या मोटारसायकलस्वाराला दोन्ही बाजू दिसत नाहीत.

आता या अपघातांत शरीराला कोणत्या इजा होतात ते पाहू. वैद्यकशास्त्र सांगते, की अपघातात एक नव्हे, तीन टकरी होतात. पहिली टक्कर वाहनाची वाहनाशी. दुसरी टक्कर माणसाच्या शरीराची वाहनाच्या आतील भागाशी अथवा रस्त्याशी. तिसरी टक्कर डोळ्यांना दिसत नाही. ती शरीराच्या आतील मऊ इंद्रियांची शरीराच्याच भिंतींशी होते. मेंदू कवटीवर आपटतो. यकृत व प्लीहा फाटतात. मोठ्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. पायी चालणाऱ्याला मोटारीचा पुढचा आडवा दांडा आधी नडगीवर किंवा गुडघ्यावर लागतो, मग डोके काचेवर आपटते आणि शेवटी तो रस्त्यावर फेकला जातो. मोटारसायकलस्वाराचे डोके, हासळी, मनगट व पाय धोक्यात असतात. मोटारीत बसलेल्याला समोरून धडक बसली तर पुढे निदान इंजिनाचा भाग असतो. परंतु चौरस्त्यावरची धडक बहुधा बाजूने बसते आणि बाजूला काय असते? दाराचा एक पातळ पत्रा, त्याच्या आत वीतभर जागा, आणि लगेच माणसाची बरगडी.

याचे एक दुःखद उदाहरण सर्व मराठी वाचकांना स्मरत असेल. महाराष्ट्राचे नेते गोपीनाथ मुंडे यांनी २६ मे २०१४ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रिपदाची शपथ घेतली. त्यानंतर आठच दिवसांनी, ३ जूनच्या सकाळी, दिल्लीत विमानतळाकडे जात असताना पृथ्वीराज मार्ग व तुघलक मार्ग मिळतात त्या भागात त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने बाजूने धडक दिली. ते मागच्या आसनावर बसलेले होते. बाहेरून पाहता मोठी जखम दिसत नव्हती. त्यांना तत्काळ रुग्णालयात नेण्यात आले. परंतु मानेच्या मणक्यांना व यकृताला झालेली इजा आणि आतील रक्तस्राव यांमुळे त्यांचे प्राण वाचू शकले नाहीत. स्वतः डॉक्टर असलेले तत्कालीन आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले, की मागच्या आसनावरील पट्टा शोभेसाठी असतो हा आपल्या लोकांचा गैरसमज आहे. रस्ता देशाच्या राजधानीतील, वेळ पहाटेनंतरची मोकळी, प्रवासी केंद्रीय मंत्री; तरीही चौरस्त्याने कोणाचीही भीड धरली नाही. मग आपल्या क्रॉसने आपली भीड का धरावी?

या उदाहरणातून शिकण्याजोगी गोष्ट ही, की बाहेर रक्त नाही म्हणून आत सर्व ठीक आहे असे समजू नये. डोक्याला मार लागलेला माणूस कित्येकदा उठून बसतो, बोलतो, पाणी मागतो, ‘मला काही झाले नाही’ असे म्हणतो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो, कारण कवटीच्या आत रक्त साचत असते. म्हणून ज्याच्या डोक्याला मार लागला आहे, जो एकदाही बेशुद्ध झाला होता, ज्याला उलटी होते, गुंगी येते किंवा पोट दुखते, त्यास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे. अपघातानंतरचा पहिला तास ‘सुवर्णकाल’ मानला जातो व आपल्या मोटार वाहन कायद्यातही त्याची नोंद आहे.

अशा वेळी पाहणाऱ्याने काय करावे? प्रथम मागून येणारी वाहने थांबवावी. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. जखमी माणसाची मान वळवू नये, त्याला बसवू नये, दोन हात व दोन पाय धरून उचलू नये. तोंडात पाणी घालू नये. आपल्याकडे ही दयेची रीत असली तरी बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जाते. पुष्कळ लोक पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुढे येत नाहीत. त्यांनी हे जाणून घ्यावे, की सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ मध्ये त्यांना कायद्याचे रूप मिळाले. जखमीस मदत करणाऱ्यावर त्यापायी खटला होत नाही व आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

प्रतिबंधाचे उपाय तर आपल्या हातचे आहेत. अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्र विचार करता शिरस्त्राणाने, म्हणजे हेल्मेटने, मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले आहे. कायद्याप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाने, मागे बसणाऱ्यानेही, ते घातले पाहिजे. येथे पालकांस एक विनंती करावीशी वाटते. नववी-दहावीतील मुलगा वडिलांची मोटारसायकल घेऊन क्रॉसवर जातो, तेव्हा घरात कौतुक होते. परंतु गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि अल्पवयीन मुलाने अपघात केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिक्षेची भीती बाजूस ठेवली तरी, पोराच्या हातात किल्ली देताना आपण त्याच्या हातात काय देत आहोत याचा विचार व्हावा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एकच नियम सांगतो. बसमधून उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत कडेला उभे राहा. बसच्या पुढून नाही, मागूनही नाही. बस गेली की दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात. मग उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहून चालत ओलांडा, धावत नको. आणि येणाऱ्या चालकाने आपणांस पाहिले असेल असे कधीही गृहीत धरू नका. त्याचा वेग कमी झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मगच पाऊल टाका. ‘वाटले’ हा शब्द निबंधात शोभतो, क्रॉसवर नाही.

तो आमचा विद्यार्थी गणपतीनंतर कुबडी घेऊन वर्गात परत आला. पहिल्या दिवशी आम्ही शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर क्रॉसपर्यंत चालत गेलो. बस आली, माणसे उतरली, बस निघून गेली. समोरचा रस्ता अगदी रिकामा होता. आम्ही सवयीने पाऊल उचलले. वस्तुतः इतकी वर्षे आम्हीही असेच, बोलत बोलत, न पाहता ओलांडत आलो होतो. तेवढ्यात त्याने आमच्या बाहीला धरून थांबविले. “सर, अजून एकदा बघूया,” तो म्हणाला. आम्ही दोघांनी पुन्हा उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. कोणी येत नव्हते. मग त्याच्या कुबडीच्या गतीने आम्ही सावकाश पलीकडे गेलो.

घंटा होऊन गेलेली चालेल, पहिला तास बुडालेला चालेल. शाळेच्या हजेरीत उशीर मांडला जातो, तो उद्या भरून निघतो. हजेरी घेताना एखाद्या नावाला ‘हजर’ असे उत्तर कायमचे येईनासे होणे, हे मात्र कोणत्याही शिक्षकाला सोसवत नाही.